मोजलं की एक जास्त

लेंगरवाडीत धनगराला ‘तुझी मेंढरं किती?’ असं कुणी विचारत नाही. एखाद्या परक्यानं विचारलंच, तर धनगर डोईचं मुंडासं सारखं करतो आणि म्हणतो, "बिरोबाची हायती." आकडा काही त्याच्या तोंडून निघत नाही. परक्याला वाटतं, गडी लबाड आहे. लबाड असतीलही काही, पण त्याचं कारण हे नव्हे. मेंढरं तोंडानं ओळखायची, बोटानं मोजायची नाहीत, अशी तिथली रीत आहे. म्हणून हरिबा लेंगऱ्याकडं किती मेंढरं होती ते मीही लिहीत नाही. संध्याकाळी वाघर लावली, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण उभं केलं, की ती काठोकाठ भरायची, एवढं पुरे.

तेहतीस साली पाऊस उशिरा आला आणि कुणाला न विचारता लवकर गेला. माण नदीच्या पात्रात मार्गशीर्षातच वाळू उडायला लागली. एरवी दिवाळी झाली की हरिबा बिऱ्हाड तट्टावर लादून भीमेच्या काठाला जायचा आणि तिथल्या काळ्या रानांत मेंढरं बसवायचा. त्या साली मेंढ्या उशिरा व्याल्या. लटपटती कोकरं घेऊन पंचवीस कोस कसे चालायचे? म्हणून पौषापर्यंत थांबायचं ठरलं. माळ तर खरवडून काढल्यासारखा झाला होता. मेंढरं सकाळी लांब जायची आणि दिवस कलताना खपाटीला गेलेली पोटं घेऊन परत यायची.

मायाक्का ही हरिबाची दहा वर्षांची लेक, आणि संध्याकाळचं खरं काम तिचं. दिवसभर कोकरं घरी कोंडलेली असायची. मेंढ्या आल्या की तिची आई म्हाळसाबाई कोकरं सोडायची, आणि मग जो कालवा उठायचा तो विचारू नका. प्रत्येक कोकरू आईला हाका मारतंय, प्रत्येक आई कोकराला, आणि पहिलटकरीण मेंढ्या तर आपलंच पोर लाथेनं उडवताहेत. त्या गर्दीत मायाक्का वाकून फिरायची. कोकराचा आवाज ऐकला की तिला त्याची आई कळायची. उचलायचं, नेऊन लावायचं. पुन्हा उचलायचं, नेऊन लावायचं. एखाद्या कोकराची आई मेलेली असली की ती ओठ मिटून घशातल्या घशात एक आवाज काढायची, ओली मेंढी आपल्या पिलाला देते तसा. ते पोरकं कोकरू त्या आवाजामागं खुळ्यासारखं चालत यायचं. मग ती त्याला दुसऱ्या मेंढीला लावायची.

हे गेल्या साली चनबसप्पा मास्तरांनी बघितलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

मास्तर अक्कलकोटकडचे. लोकल बोर्डानं लेंगरवाडीत शाळा उघडली, तिचे ते पहिले आणि एकटे मास्तर. बायको बाळंतरोगानं गेलेली, पाच वर्षांची मल्लव्वा तेवढी जवळ. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तीही शाळेत सतरंजीच्या टोकाला बसायची. पहिलीच्याही खालच्या बिगारीच्या पटावर तिचं नावही होतं. मास्तर माणूस चांगला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण शिकलेल्या माणसाला एक खोड असते. एका गावात गुण आलेलं औषध तो दुसऱ्या गावालाही पाजतो.

"हरिबा, एवढी कोकरं जिच्या ध्यानात राहतात, ती पोरगी शाळेत घाल," असं ते म्हणाले, आणि हरिबा खुलला. गेल्या साली तो भीमेला गेला तेव्हा मायाक्काला त्यानं गावात आपल्या बहिणीकडं, रंभाबाईकडं ठेवलं. वर्षात पोरीनं बिगारी आणि पहिली ओलांडली. वाचायला यायला लागलं आणि तिला दुसरं काही सुचेना. गुळाच्या पुडीचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, जे हाती येईल ते वाचायची. गप्प पडलेल्या कागदातून माणूस बोलतो याचं तिला फार अप्रूप वाटायचं. शाळा सुटावी असं त्या गावातल्या प्रत्येक पोराला वाटायचं. सुटू नये असं वाटणारी ही एकटीच होती.

अडत होतं ते गणितात. पाढे तोंडपाठ होते. पण वर्गातले खडे नाहीतर चिंचोके मोजायचे म्हटले की बोट अडखळायचं. आणि पौषात शाळा तपासणारे दिपुटी साहेब परीक्षेला यायचे होते.

मास्तरांनी एके दिवशी तिला उभी केली.

"सोलापुरात मी दोन वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "तेलुगू पद्मसाळी विणकरांची पोरं. शाळा सुटली की घरी कांड्या भरायची, सकाळी केसांत कापूस घेऊन यायची. घरात पुस्तक औषधाला नाही. तरी गणितात पहिली! का? घरी ताण्याचे धागे मोजायची. आमच्या अक्कलकोटला दिवा लागला की पोरं ओसरीवर बसून पाढे म्हणायची. ज्याच्या त्याच्या घरी त्याचा त्याचा अभ्यास असतो. तुझ्या घरी काय आहे?"

"मेंढरं, गुरुजी."

"मग मेंढरं मोज. रोज संध्याकाळी मोजायची आणि आकडा पाटीवर लिहून आणायचा."

वर्गात अर्धी पोरं धनगरांची. ती एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "गुरुजी, मेंढरं मोजत न्हाईत."

"का मोजत नाहीत?"

कुणालाच सांगता येईना.

"कारण नसलं म्हणजे ती नुसती सवय असते," मास्तर म्हणाले. "सवय मोडता येते की."

त्या संध्याकाळी मायाक्का वाघरीच्या तोंडाशी उभी राहिली. हात पाठीमागं घेतले. मेंढरं एकेक करून आत शिरायला लागली तशी ती मनातल्या मनात आकडे म्हणत गेली. मधेच मागं वळून बघत होती, चोरी करताना बघतात तसं. शेवटची मेंढी आत गेली. आकडा तिनं पाटीच्या कोपऱ्यात लिहिला. मग पडताळा बघावा म्हणून तिनं आपल्या रीतीनं तोंडं बघितली. चांदी, कानतुटी, भिंगरी, बोडकी, भिंगरीची थोरली लेक. एक तोंड, एक रेघ. रेघा मोजल्या, तर आकड्यापेक्षा एक कमी.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाटी बघितली. "कुणाचं तरी नाव विसरलीस. पुन्हा मोज."

ती विसरली नव्हती. तिनं पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी मोजलं. तोंडं बघितली की सगळी ओळखीची. आकडा धरला की एक जास्त.

"तितं कुटं हुबी हाईस गं भुतावाणी?" म्हाळसाबाई ओरडायची. "हिकडं ये, कोकरं लाव! माजं दोनच हात हायती."

मायाक्का जायची, पण उशिरा. तोवर अंधारून आलेलं असायचं, मेंढ्या कंटाळून बसलेल्या असायच्या. चौथ्या सकाळी एक कोकरू ताठ पडलेलं सापडलं. म्हाळसाबाईनं त्याचं पोट चाचपलं. पोट रिकामं होतं. दोन दिवसांनी आणखी एक गेलं. कोकराचे पाय धरून हरिबानं ते ओघळीपलीकडं नेलं आणि परत येऊन हात मातीनं घासले.

सातव्या संध्याकाळी मायाक्काला ती जागा दिसली.

शेवटची मेंढी आत गेली होती. वाघरीचं तोंड बांधायला ती वाकली, तेवढ्यात आतली मेंढरं हलली. कुणी मधे घुसलं की मेंढरं अंग चोरून बाजूला सरतात, तशी सरली. घुसलेलं तर कुणी नव्हतं. पण मधोमध जागा पडली, एका मेंढराएवढी, आणि तिच्यावर कुणी बसेना. हरिबाचा कुत्रा लांडग्याच्या अंगावर जाणारा. तो भुंकला नाही. शेपूट पायांत घालून वाघरीच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि तिकडं तोंड करून पडला.

मायाक्का घरात गेली. आईनं पुढं ठेवलेली भाकरी तिनं बाजूला सारली. पोटात दुखतंय म्हणून ती आईच्या पाठीला पाठ लावून निजली. आकडा मात्र पाटीवर तसाच होता, कारण सकाळी गुरुजींना दाखवायचा होता.

उजाडल्यावर भिंगरी मेलेली सापडली. भिंगरी मायाक्काची. तिचा हात चाटत वाढलेली, पाच वर्षांची कसलेली मेंढी. अंगावर दात नाही, तोंडाला फेस नाही, पोट भरलेलं. त्या मोकळ्या जागेच्या अगदी कडेला, डोळे उघडे ठेवून पडली होती. मायाक्का तिच्या मानेत तोंड खुपसून रडली. हरिबा तिला उठवायला आला आणि त्याचा पाय तिच्याशेजारी पडलेल्या पाटीवर पडला.

हरिबाला अक्षर येत नव्हतं. पण आकडा आणि त्याखाली रेघांची रांग बघून काय समजायचं ते समजला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मोजलीस?"

तिनं भिंगरीच्या मानेतून तोंड काढलं.

"मायाक्का, मेंढरं मोजलीस?"

"गुरुजींनी सांगितलं, आबा."

त्यानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं पाटीवर थुंकून तळहातानं ती खसाखसा पुसली, मग बिरोबाच्या भंडाऱ्याची चिमूट त्याच पाटीवर चोळली.

"एक जास्त येतंय का?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

मायाक्कानं मान हलवली. आपण हे कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि आबाला ते आधीच ठाऊक होतं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मोजलं की त्याला जागा घावती," हरिबा म्हणाला. "त्यो येऊन कळपात बसतोय. बसला की रिकामा उठत न्हाय, कुणाला तरी संगट नेतोय. माज्या आज्यानं एकदाच मोजली हुती. एकदाच."

"आता ओ काय करायचं?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"जागा मोडायची."

त्यांनी त्याच दिवशी वाघर उपसली आणि दोन शेतं पलीकडं नेऊन लावली. जुन्या जागेवर हरिबानं नांगराचा फाळ ओढून माती उलथी केली. त्या संध्याकाळपासून मायाक्का पुन्हा कोकरं लावायला लागली. त्यानंतर एकही कोकरू मेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरिबा शाळेत गेला. वहाणा काढून हातात घेतल्या आणि उंबऱ्याबाहेर उन्हात उभा राहिला. मास्तर पोरांना कित्ता घालत होते. त्यांचं लक्ष गेलं नाही की त्यांनी दिलं नाही, कोण जाणे. दुपार डोक्यावर आली. माळावर दिवसभर उन्हात राहणारा माणूस, पण पोरीच्या वर्गातली पोरं बघताहेत म्हटल्यावर त्याला ते ऊन लागलं.

शेवटी मास्तर बाहेर आले. हरिबानं सगळं सांगितलं.

मास्तर हसले नाहीत, पण हसू आवरल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "हरिबा, पोरगी मोजत उभी राहायची, म्हणजे कोकरं लावायची राहिली. ती उपाशी मेली. यात भुताखेताचा काय संबंध?"

"तसं बी आसंल, मास्तर," हरिबा म्हणाला. "पर भिंगरी उपाशी न्हवती."

हरिबानं वहाणा एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"पोरीला मी हितनं म्होरं मेंढरं मोजू देणार न्हाय. आन् तिला संगट घिऊनच जाणार. कोकरांना तिच्याबिगर धकत न्हाय."

मास्तर घाबरले ते तेव्हा. सगळ्या शाळेत चमकणारी ही एकच पोर होती. त्यांनी हरिबाचा हात धरला. "दिपुटी साहेब आठ दिवसांत येताहेत. ते पास म्हणाले तर तिला रंभाबाईकडं ठेव. नापास म्हणाले तर घेऊन जा, मी आडवा येणार नाही."

हरिबानं वहाणांकडं बघितलं. "बरं," तो म्हणाला. "पास म्हनले तर शाळा. न्हाय तर मेंढरं. मी जबान बदलत न्हाय."

मायाक्का दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या आठ दिवसांत तिनं जो अभ्यास केला तसा लेंगरवाडीत ना कुणी आधी केला होता ना नंतर केला. शाळेला जाताना पाढे, परतताना कविता, आणि कोकरं लावून झाली की चुलीच्या उजेडात पुस्तक. म्हाळसाबाई नवऱ्याकडं बघून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की पोरीला शाळंत." हरिबा उठून वाघरीकडं जायचा.

दिपुटी साहेब आले ते सांगोल्याहून बैलांच्या दमणीत बसून, सकाळी. लांब कोट, डोक्याला रुमाल, खिशात शाईचा टाक. पाटलाच्या घरचं दूध पिऊन ते शाळेत आले आणि खुर्चीवर बसले. सतरंजीवर पोरं ओळीनं मांडी घालून बसली होती. टोकाला मल्लव्वा, बोट तोंडात घालून. पटावर बावीस नावं. पट कागदाचा असतो, तो सांगायला हरकत नाही. त्या दिवशी बावीसही हजर होती, एकही पोर घरी नव्हतं.

मायाक्का वाचायला उभी राहिली. न अडखळता वाचलं. कविता म्हटली. पाटीवरची बेरीज, वजाबाकी केली. साहेबांनी विचारलेला तोंडी हिशेब त्यांचं बोलणं संपायच्या आत सांगितला. मास्तरांनी उपरण्यानं उगाच कपाळ पुसलं. साहेबही खूश झाले.

"कुणाची मुलगी?"

"धनगराची, साहेब. बाप मेंढरं राखतो."

"अरे वा! मग मोजण्यात पटाईत असणार." साहेब हसले. त्यांना गंमत करायची होती, दुसरं काही नाही. "एवढं सांग आणि बस. या वर्गात मुलं किती आहेत? मोज बघू."

मायाक्कानं वळून सतरंजीकडं बघितलं. मोजायचं नाही असं ती स्वतःला सांगत होती, पण साहेबांनी सांगितलं आणि डोळे आपोआप चालायला लागले. एक, दोन, तीन. दुसरी ओळ संपली. ती मल्लव्वापाशी आली आणि तिला दिसलं की पोरं सरकताहेत. कुणी उठलं नव्हतं, कुणी काही बोलत नव्हतं. मल्लव्वाशेजारची पोरं नकळत बूड उचलून थोडी बाजूला झाली, एकाला जागा करून द्यावी तशी. मल्लव्वाही सरकली. मधे एका पोराएवढी सतरंजी मोकळी पडली.

मायाक्कानं डोळे मिटून घेतले.

"सांग, किती?"

"मी न्हाय मोजणार."

साहेबांचं हसू गेलं. "येत नाही?"

"येतंय. पर न्हाय मोजणार." तिनं डोळे उघडले. "नावं सांगते, साहेब. समद्यांची सांगते. ह्यो धोंडीराम, ह्यो जोतीराम, ही पाटलाची दगडा, ह्यो..."

"नावं नकोत. संख्या सांग."

मास्तर दात आवळून म्हणाले, "मायाक्का, सांग गं. सोपं आहे. सांग, पोरी!" तिनं एकदा मास्तरांकडं बघितलं, एकदा मल्लव्वाकडं. हा एक आकडा सांगितला की शाळा आपली, आणि नाही सांगितला की गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अकरा महिने ती याच दिवसाची वाट बघत होती. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"पाठ करून घेतलेलं दिसतंय सगळं," साहेब मास्तरांना म्हणाले. "साधी वस्तू मोजता येत नाही. गणितात नापास." आणि मग तिला धडा मिळावा म्हणून ते स्वतःच उठले. हातातल्या टाकानं एकेका डोक्याकडं रोख धरत मोठ्यानं मोजत गेले. "...वीस, एकवीस, बावीस, तेवीस." ते थांबले. पट बघितला. पुन्हा मोजलं. पुन्हा तेवीस.

"मास्तर, पटावर बावीस आणि वर्गात तेवीस? नाव न घालता कुणाला बसवलंय?"

मास्तरांनी पट घेऊन नावं वाचली. बावीस नावं, बावीस वेळा ‘हजर’. उत्तर न दिलेलं कुणी उरलं नाही. मास्तरांनी पोरांकडं बघितलं, पोरांनी मास्तरांकडं. साहेबांना उशीर होत होता, पुढं अजून एक शाळा बघायची होती. त्यांनी शेरेबुक ओढलं आणि काळ्या शाईनं लिहिलं, की प्रत्यक्ष संख्या तेवीस असून पटावर बावीसच आढळली, खुलासा करावा. वाळू टाकून अक्षरं सुकवली, आणि दमणीत बसून निघून गेले.

दिवस मावळायला मल्लव्वाला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मास्तर तिला खांद्यावर घेऊन हरिबाच्या वाघरीपाशी आले. वाघरीच्या अलीकडंच थांबले, वहाणा काढून हातात घेतल्या. हरिबा सामान बांधत होता. पहाटे निघायचं होतं. त्यानं मास्तरांना लगेच हाक मारली, उन्हात उभं केलं नाही. एवढा फरक दोघांत होता.

"हरिबा, मी रात्रभर पट वाचतोय," मास्तर म्हणाले. त्यांची दाढी वाढलेली होती. "बावीसच आहेत. आणि ही पोरगी झोपेत म्हणते, अप्पा, जरा सरका, तिला बसू द्या. कुणाला बसू द्या?"

म्हाळसाबाईनं मल्लव्वाच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. तिनं पोरीला आपल्या मांडीवर घेतलं.

"तुमी बी वाघर हलवा," हरिबा म्हणाला. "शाळा त्या खोलीत भरवू नगा. भाईर लिंबाखाली घ्या. ओळीनं बशिवू नगा पोरास्नी, कालवून बशिवा. पर मास्तर..."

"काय?"

"पाटीवरचं हुतं, पुसलं. म्हणून आमी सुटलो. साहेबांनी शाईनं लिवलंय. शाईचं कसं पुसायचं?"

मास्तरांनी सोलापुरात शिकवलेलं, अक्कलकोटला शिकलेलं सगळं त्यांच्या पाठीशी होतं आणि त्यातलं काही कामाला येत नव्हतं. हरिबानं आपल्या अंगावरची घोंगडी काढून मल्लव्वाला गुंडाळली. मायाक्का लांबून बघत होती. मास्तर तिच्यापाशी आले आणि म्हणाले, "तू नाही म्हणालीस ते बरोबर होतं." मोठ्या माणसानं असं म्हटलेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. तिला लाजल्यासारखं झालं.

पहाटे निघायचं ते उजाडेपर्यंत लांबलं. तट्टावर चुलीचं सामान, टोपलीत नवी कोकरं. पुढं हरिबा, मधे मेंढरं, मागं मायाक्का काठी घेऊन. तिची पाटी म्हाळसाबाईनं गोधडीच्या घडीत घातली होती. वाट शाळेवरूनच होती. हरिबानं सांगितल्याप्रमाणं मास्तरांनी पोरं लिंबाखाली कशीही बसवली होती, मोठी-लहान एकात एक. मल्लव्वाला घोंगडीत गुंडाळून मधे घेतलं होतं. मेंढरांची धूळ दिसली तशी पोरं गप्प झाली.

मास्तर धावत वाटेवर आले. "मायाक्का, एकदा बघून जा गं. तू ओळखतेस. सगळी आहेत का, बघ."

मायाक्का थांबली. ती तोंडं बघत गेली. धोंडीराम, जोतीराम, दगडा. एकेकापाशी तिची नजर थांबायची आणि पुढं जायची. मल्लव्वाशी पोचली. कालवून बसवली होती तरी मल्लव्वाच्या उजव्या अंगाला पोरं सरकलेली होती. एका पोराएवढी मोकळी माती. मल्लव्वाचे डोळे अर्धवट उघडे होते, मानही त्याच बाजूला वळलेली. मायाक्काची नजर त्या मातीवर बराच वेळ राहिली.

"समदी हायती, गुरुजी," ती म्हणाली. "मोजू नगा."

मग ती दोन पावलं पुढं गेली. ओठ मिटले आणि घशातल्या घशात तो आवाज काढला, आईविना कोकराला द्यायचा. एकदा, मग दुसऱ्यांदा. लिंबाखाली कुणी हललं नाही. तिनं पाठ फिरवली आणि आवाज देत देत हळूहळू वाटेला लागली, मागं काही चालत येत असलं की त्याच्या बेतानं चालावं तशी.

मल्लव्वाच्या उजव्या अंगाची पोरं पुन्हा सरकली आणि तिला चिकटून बसली. मोकळी माती झाकली गेली. मल्लव्वानं घोंगडीतून हात काढला आणि पाणी मागितलं. मास्तर तिथंच धुळीत बसले.

पुढं हरिबानं मागं वळून बघितलं. कळपाच्या शेपटाकडची मेंढरं अंग चोरून बाजूला होत होती. मधे एका मेंढराएवढी वाट पडली होती, आणि ती वाट कळपाबरोबर चालत होती. कुत्रा पळत येऊन त्याच्या पायांत घुसला. हरिबा लेकीपाशी मागं आला.

"हे कशापायी केलंस, पोरी?" त्यानं विचारलं. रागानं नाही. "आता आपल्यातलं कुणीतरी जाणार."

मायाक्का मेंढरांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "आपल्यात लई हायती, आबा. गुरुजींना एकच हाय."